टेप घेऊ की लॅपटॉप? आधी सांगा, एका वेळी किती जण वाजवणार

"घरीच रेकॉर्डिंग करायचंय. जुनं टेपचं मशीन मिळतंय ते घेऊ, कार्डवर चालणारा रेकॉर्डर घेऊ, की लॅपटॉपला इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी) जोडू? कुठलं चांगलं येतंय?" बेळगावात, खानापूरकडे, निपाणी-चिकोडीत हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. एक भजनी मंडळवाले: आठ-दहा जण, पेटी, मृदंग नाहीतर तबला-डग्गा, चार-सहा टाळ, एक अभंग झाला की पाठोपाठ एक दासरपद (कन्नड हरिदासांचं पद). दुसरे एकटे बसून गाणं करणारे: पेटी आपणच वाजवायची, तबला मित्राकडून घ्यायचा, वर गळा आपलाच. दोघांना एकच उत्तर दिलं तर एकाचे पैसे नक्की बुडतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण आधी उलटा प्रश्न माझा: एका वेळी किती जण वाजवणार? सगळे एकत्र बसून वाजवणार असतील तर बैठक, खोली आणि माइकची जागा यांवरच सगळं ठरतं; मशीन जवळजवळ कुठलंही चालतं. एकेक वाद्य वेगळं घेऊन एकावर एक थर चढवायचे असतील तर मात्र मशीनला महत्त्व येतं, आणि टेप व कॉम्प्युटर यांच्यातला फरक तिथेच दिसतो.

टेपपासून सुरू करू, कारण सध्या जुन्या फोर-ट्रॅक (चार आवाज वेगवेगळे नोंदवणाऱ्या) मशीनची हौस पुन्हा वाढली आहे. साध्या कॅसेट डेकमध्ये पावणेचार मिलिमीटर रुंदीच्या टेपवर एका बाजूला डावा-उजवा असे दोन ट्रॅक असतात, आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन ट्रॅक उलट दिशेने जातात. १९७९ साली टीॲक कंपनीने १४४ हे पहिलं पोर्टास्टुडिओ, म्हणजे कॅसेटवर चालणारं फोर-ट्रॅक मशीन, आणलं. त्यात चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरले आणि टेपचा वेग दुप्पट केला, सेकंदाला पावणेपाचऐवजी साडेनऊ सेंटिमीटर. वेग वाढला की वरचे सूर जास्त स्वच्छ येतात, पण टेप लवकर संपते. सी-९० कॅसेटवर साडेबावीस मिनिटं मिळतात, सी-६० वर पंधरा. कॅसेट उलटून रेकॉर्ड करायचं नाही, नाहीतर आधीचं पुसलं जातं. सी-१२० तर वापरूच नये. तिची टेप इतकी पातळ असते की मागेपुढे फिरवताना ताणली जाते नाहीतर गुंडाळून बसते.

एकेका ट्रॅकची रुंदी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. म्हणून सळसळ आलीच. तीवर उपाय म्हणून या मशीनांत डीबीएक्स किंवा डॉल्बी असतं. डीबीएक्स रेकॉर्ड करताना आवाज दाबतं आणि वाजवताना पुन्हा उघडतं, पण त्यासाठी दोन्ही वेळा ते चालू पाहिजे. एकदाच चालू राहिलं तर आवाज धाप लागल्यासारखा वरखाली होतो. चारांपैकी पहिला आणि चौथा ट्रॅक टेपच्या कडेला असतात. कडेला टेप आधी झिजते, म्हणून मुख्य गळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ट्रॅकवर घ्यावा. शेजारच्या ट्रॅकमध्ये थोडा आवाज झिरपतोच, तेव्हा टाळ आणि गळा शेजारी ठेवू नयेत.

चार ट्रॅक संपले की तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. यालाच बाउन्स म्हणतात. इथे नेमकं काय बिघडतं? तीन ट्रॅकची सळसळ एकत्र आली की ती साधारण पाच डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढते, वर चौथ्या ट्रॅकची स्वतःची वेगळी. प्रत्येक उतरवणीत वरच्या पट्टीतली धार बोथट होते. सगळ्यात आधी टाळ मरतो, मग तबल्याची चाट. म्हणून क्रम असा ठेवायचा: पेटी, डग्गा आणि साथीचे गळे आधी घेऊन त्यांचा बाउन्स करायचा, तबल्याचा दायां, टाळ आणि मुख्य गळा बाउन्सनंतर, ताज्या ट्रॅकवर. बाउन्स करताना पेटी जरा जास्त झाली तर ती कायमची जास्त. मागे फिरता येत नाही.

पातळीचंही बघा. व्हीयू मीटरचा, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणारा, काटा वर यायला साधारण ३०० मिलिसेकंद घेतो. तबल्याची थाप त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. पेटी आणि गळ्याला काटा शून्यापर्यंत न्यायला हरकत नाही, पण तबला, टाळ यांना उणे ६ ते उणे १० वरच ठेवायचं. काटा आळशी दिसला तरी टेपवर भरपूर पोचलेलं असतं. टेप थोडी भरली तर आवाज हळूहळू दबतो, एकदम फाटत नाही, आणि मृदंगाला हे दबणं कधी कधी शोभून दिसतं. टेपचा 'ऊबदारपणा' म्हणून जे सांगतात त्यात बराच भाग हाच.

आता आपल्या गाण्यासाठी टेपची सगळ्यात मोठी अडचण, जिच्याबद्दल गिटारवाल्यांसाठी लिहिलेल्या माहितीत काही सापडत नाही: पेटी. पेटीचे सूर हलवता येत नाहीत. टेपचा वेग एक टक्का चुकला तर सूर १७ सेंटने (एका पट्टीचे शंभर सेंट) सरकतो, सहा टक्के चुकला तर अख्खी एक पट्टी. काळी चार म्हणून गायलेलं पांढरी पाचला नाहीतर सहाला जाऊन बसतं. पहिल्या दिवशी मशीन तापल्यावर गळा घेतला आणि दुसऱ्या दिवशी थंड मशीनवर पेटी भरायला बसलं, की दोघांचं जमत नाही. यावर दोनच उपाय. मशीन वीस मिनिटं चालवून मगच कामाला लागायचं, आणि टेपच्या सुरुवातीला पेटीचा सा अर्धा मिनिट धरून ठेवायचा. पुढच्या वेळी आधी तो सा वाजवून पिचची कळ फिरवायची, पेटीशी ठोके विरघळेपर्यंत. गिटारची खुंटी पिळता येते, गळा सरकवता येतो. पेटीबाबत मशीनलाच नमावं लागतं.

मशीन घ्यायचंच असेल तर ही परीक्षा करा. झाकण उघडून रबरी पट्टा बघा. जुने पट्टे वितळून डांबरासारखे होतात आणि सगळीकडे चिकटतात. त्याच मापाचा पट्टा मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा. दाबणारं रबरी चाक चकचकीत, कडक झालं असेल तर टेप घसरणार आणि सूर थरथरणार. पेटीचा एकच लांब सूर रेकॉर्ड करून ऐका. तो डुगडुगला तर ते मशीन ठेवून द्या. गाणं वाजवून ही थरथर कळत नाही, सरळ सुरावरच उघडी पडते. चारही ट्रॅकवर रेकॉर्ड होतंय का हे एकेक करून तपासा. हेड (टेपला टेकून आवाज वाचणारा-भरणारा भाग) साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, दर आठ-दहा तासांच्या वापरानंतर. सुगंधी स्पिरिट नको, त्याचा थर उरतो.

माझं मत विचाराल तर आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने टेपवर पैसे घालू नयेत. पट्टे, चाकं, बऱ्या अवस्थेतल्या कॅसेट आणि ते दुरुस्त करणारा माणूस, या चारांपैकी एक जरी आटलं तरी मशीन शोभेपुरतं उरतं. ज्याला दुरुस्तीचीच आवड आहे त्याची गोष्ट वेगळी.

कार्डवर चालणारे मल्टीट्रॅक रेकॉर्डर मधले. सहा-आठ ट्रॅक, पडदा छोटा, बटणं बारीक. सळसळ नाही, वेगाचा प्रश्न नाही, अपडेट नाहीत. देवळात, अंगणात न्यायला उत्तम. त्यांच्यावर मिक्सिंग करणं मात्र शिक्षा आहे; फाइली कार्डवरून काढून कॉम्प्युटरवर न्याव्यात. विकत घेताना एवढंच विचारा: ट्रॅक आठ असले तरी एका वेळी रेकॉर्ड किती होतात? बऱ्याच स्वस्त मशीनांत उत्तर 'दोन' असतं. टेपच्या जमान्यातही हीच गोम होती.

आता लॅपटॉप. एकट्याने थर चढवणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं काही नाही. सामान थोडंच: दोन माइक जोडता येतील असा यूएसबी इंटरफेस, एक डायनॅमिक माइक (दणकट, वीज न लागणारा; शूअर एसएम५७ किंवा ५८, किंवा त्या जातीचा दुसरा), जमलं तर एक कंडेन्सर (जास्त नाजूक, बारीक आवाजही पकडणारा), बंद कपांचा हेडफोन, दोन एक्सएलआर (तीन पिनी माइकच्या) वायरी, एक जड स्टँड. सॉफ्टवेअरला सुरुवातीला पैसे नकोत. ऑडेसिटी फुकट आहे, पण ती कापाकापीसाठी बरी. थरांच्या कामाला रीपर बरं, ते साठ दिवस वापरून बघता येतं आणि आकाराने लहान असल्यानं जुन्या लॅपटॉपवरही चालतं. मॅक असेल तर गॅरेजबँड त्यात असतंच.

सेटिंग करून टाका आणि विसरून जा: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई). एका मोनो ट्रॅकला मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट लागतात. आठ ट्रॅकचा एक तास चार जीबीच्या थोडा वर जातो. ९६ किलोहर्ट्झने जागा दुप्पट जाते, घरच्या खोलीत फरक ऐकू येत नाही. पातळीबाबत टेपची सवय इथे उलटी पडते. टेपवर सळसळीच्या भीतीने काटा वर ढकलावा लागतो. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा आहे, पण वर शून्याला भिंत आहे आणि तिला आपटलेला आवाज दुरुस्त होत नाही. सर्वांत जोराची थाप उणे १० च्या आसपास राहील एवढाच गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवणारी कळ) ठेवा. तालमीत माणूस हात राखून वाजवतो आणि खऱ्या वेळी चढतो, हे धरून आणखी चार डीबी सोडा. द्रुत लयीत टाळकरी काय करतात ते सांगायला नको.

मग येतो उशीर. माइकमधला आवाज लॅपटॉपमधून फिरून हेडफोनात येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर (लॅपटॉप एका घासात घेतो तेवढा आवाज) म्हणजे २.७ मिलिसेकंद, पण येताना एकदा, जाताना एकदा, वर ड्रायव्हरचा वाटा. एकूण आठ-दहा मिलिसेकंद होतात. एवढा उशीर म्हणजे तबलजी साडेतीन मीटर लांब बसल्यासारखं, चालतं. १०२४ चा बफर ठेवला तर एका बाजूलाच २१ मिलिसेकंद, आणि ठेका मागे पडल्यासारखा वाटून गाणारा अडखळतो. म्हणून रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४. बफर खाली नेल्यावर कट-कट आवाज येत असेल तर वायफाय बंद करा, ब्राउझर बंद करा, इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा, आणि विंडोजवर त्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर टाका. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर'ची कळ असेल तर ती दाबून आपला गळा थेट ऐका. तेवढ्यापुरता उशिराचा प्रश्नच मिटतो. मात्र सॉफ्टवेअरमधून येणारा तोच आवाज बंद करायला विसरू नका, नाहीतर दोन गळे ऐकू येतात.

एक चूक फार सर्रास होते. दोन यूएसबी माइक आणून दोन्ही एकाच लॅपटॉपला लावायचे. प्रत्येक यूएसबी माइकच्या आत त्याचं स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचं अंतर पडतं. तबला आणि गळा हळूहळू फाटतात. एकाहून जास्त माइक लागणार असतील तर साधे एक्सएलआर माइक आणि एकच इंटरफेस. मोबाइलवर व्हिडिओ आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेणाऱ्यांनाही हेच लागू. सुरुवातीला एक जोराची टाळी आणि शेवटी एक टाळी घ्या. पहिल्या टाळीवर दोन्ही फाइली जुळवा, शेवटच्या टाळीवर किती सरकलंय ते बघून आवाजाची फाइल तेवढी ताणा किंवा आवळा.

थर चढवायला बसताना क्लिक (हेडफोनात ठरलेल्या लयीची टिकटिक) लावायचा का? बसवलेलं भावगीत असेल तर लावा. भजनाला नको, आपल्याकडे लय गाण्याबरोबर चढते आणि ती चढली नाही तर गाणं बसूनच राहतं. त्याऐवजी पेटीवाला आणि तबलजी यांना एकत्र बसवून कच्चा ट्रॅक घ्यायचा, गाणाऱ्याने हळू आवाजात ओळी म्हणायच्या, आणि नंतर त्या कच्च्यावर एकेक पक्का थर चढवायचा. तंबोऱ्याचं ॲप वापरणार असाल तर ते पेटीला जुळवा, पेटीला ॲप नव्हे. ट्यूनरवर पेटीचा सा बघायचा, दहा-पंधरा सेंट वर-खाली असेल तेवढंच ॲप सरकवायचं. आणि गळा 'सरळ' करणारं सॉफ्टवेअर मींडेवर फिरवू नका. ते प्रत्येक सूर जवळच्या पट्टीवर ओढतं आणि मींडेचा जिना करून टाकतं.

माइकच्या जागा. पेटीला माइक वरून, झाकणापासून ३० ते ४५ सेंटिमीटर, जरा गाणाऱ्याच्या विरुद्ध अंगाला. भात्याजवळ गेलात तर वारा येतो, पट्ट्यांच्या अगदी जवळ गेलात तर टकटक. तबल्याला एकच माइक असेल तर दायां आणि डग्गा यांच्या मधोमध, वीसेक सेंटिमीटर वर, किंचित दायांकडे झुकवून. डग्गा घुमायला लागला की माइक आणखी दहा सेंटिमीटर उचला, इक्वलायझरला हात नंतर. मृदंगाला दोन्ही तोंडांकडे थेट न धरता समोरून अर्ध्या मीटरवर. टाळांना जवळ माइक द्यायचाच नाही. ते सगळ्या माइकांत आधीच शिरलेले असतात.

इथून मंडळाकडे वळू. आठ जणांना आठ माइक आणि आठ इनपुटचा इंटरफेस घेऊ, असं वाटणं साहजिक आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत आठ माइक लावले तर प्रत्येक माइकमध्ये सगळेच ऐकू येतात, आणि त्या आठांची बेरीज पोकळ, नळीतून आल्यासारखी वाटते. एकच आवाज दोन माइकांपर्यंत थोड्या वेगळ्या वेळी पोचतो आणि मिसळताना काही सूर एकमेकांना खातात. दोन माइकांमधलं अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट असावं, हा जुना नियम आहे. दाटीवाटीने बसलेल्या भजनात तो पाळताच येत नाही.

म्हणून मंडळासाठी माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच: दोन सारखे छोटे कंडेन्सर माइक, एकाच स्टँडवर, माइकच्या डोक्यांत १७ सेंटिमीटर अंतर, तोंडं एकमेकांपासून ११० अंशांनी फाकलेली. स्टँड दोन मीटर उंच, अर्धवर्तुळात बसलेल्या मंडळापुढे. इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू, कंडेन्सर माइकला त्यातूनच वीज मिळते. तेवढा खर्च नको असेल तर हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर त्याच जागी उभा करा. ३२ बिट फ्लोटवाला असेल तर गेनची चिंता जवळजवळ सुटते. मात्र माइकची कॅप्सूलच दबली तर तो फाटका आवाज कुठल्याही बिटने सुधारत नाही.

आणि मिक्सिंग? ते बसवण्यातच करायचं. आवाजाच्या उगमापासून अंतर दुप्पट केलं की तो साधारण सहा डीबी उतरतो. खोलीत भिंतींमुळे थोडा कमी, पण उतरतो. मुख्य गाणारा माइकपासून दीड मीटरवर, पेटी त्याच्या बाजूला, मृदंग दोन मीटरवर, टाळकरी तीन-साडेतीन मीटरवर, शक्यतो गोधडी टांगलेल्या भिंतीपुढे. एक मिनिट वाजवा, हेडफोनवर ऐका, माणसं हलवा, पुन्हा एक मिनिट. तीन-चार फेऱ्यांत तोल येतो. टाळकऱ्यांपैकी कुणी ज्येष्ठ असतील तर "तुम्ही मागे बसा" म्हणणं अवघड जातं हे खरं. अशा वेळी माणूस न हलवता स्टँडच दुसरीकडे न्यावा, सगळ्यांचा मान राहतो.

एकत्र वाजवायचंय आणि तरी गळा वेगळा हवाय, तर मुख्य गाणाऱ्याला एक डायनॅमिक माइक तोंडापासून दहा सेंटिमीटरवर द्या, म्हणजे एकूण तीन इनपुट. चार इनपुटचा इंटरफेस यासाठी पुरतो. आठ इनपुटचा घेण्याआधी हेही बघा की दोन इनपुटचे इंटरफेस बहुतेक लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतात, आठवाल्यांना सहसा वेगळा अडॅप्टर लागतो. करंट गेला की आठवाला बंद.

आपल्या भागात याला किंमत आहे. वडगाव, खासबागेत माग चालू असताना कंडेन्सर माइक लावून काही उपयोग नाही. टिळकवाडीत रेल्वे गेटच्या आसपास राहणाऱ्यांनी गाड्यांचं वेळापत्रक पाठ करावं. मागाच्या गल्लीत करंट गेला की माग थांबतात, पंखे थांबतात, आणि बॅटरीवरच्या लॅपटॉपला सोन्यासारखी शांतता मिळते. रेकॉर्डिंगची सगळी मांडणी बॅटरीवर चालेल अशी ठेवली तर हा वेळ वापरता येतो.

करंट असताना घुमणारा आवाज येत असेल तर तो ओळखायला शिका. मंद, गोल घूं म्हणजे ५० हर्ट्झ; बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ. चिरका बझ्झ म्हणजे १००, १५० आणि त्यावरचे. चार्जर, एलईडी दिवे, डिमर किंवा चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर. चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष चार्जर-अर्थिंगच्या वाटेवर आहे. सगळी उपकरणं एकाच तीन पिनी सॉकेटपट्टीवर आणा, घरात अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. अर्थची पिन मोडून घूं घालवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. माइकला ओठ लावून गाणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचं गडगडू लागलं की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा.

खोलीबद्दल थोडक्यात. जांभ्याच्या भिंती आणि मंगळुरी कौलांची जुनी खोली नव्या स्लॅबच्या खोलीपेक्षा जवळजवळ नेहमीच बरी वाजते, कारण उतरतं छत आवाज समोरासमोर आपटू देत नाही. पावसाळ्यात मात्र कौलांवरचा पाऊस तिला निकामी करतो. स्लॅबच्या, फरशीच्या, दहा बाय दहा बाय दहाच्या खोलीत तिन्ही मापं सारखी असल्याने ५७ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटींत सगळं एकाच जागी घुमतं. अशी खोली टाळता येत असेल तर टाळा. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, ते फारसं काही शोषत नाहीत. जाड घोंगड्या, गोधड्या भिंतीला चिकटून नाही, तर भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे दोरीवर टांगा. त्या मोकळ्या जागेमुळे त्या आठ-नऊशे हर्ट्झपर्यंत खाली काम करतात. गाणाऱ्याच्या मागे दोन, खाली सतरंजी, एवढ्याने बराच फरक पडतो. डग्ग्याच्या घुमण्याला गोधडीने काही होत नाही, त्याला गाद्या किंवा चार इंच जाड रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) कोपऱ्यात उभं करावं लागतं.

जून ते सप्टेंबर, विशेषतः खानापूरच्या बाजूला, दमट हवेत कंडेन्सर माइक तडतडायला लागतात. वापर झाला की निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यावर परत निळे होईपर्यंत तापवा. तबल्याची पुडीही ओल धरून उतरते, तेव्हा दर गाण्याआधी सा तपासून गट्ठे ठोकायला वेळ धरा. तबला उतरला म्हणून गाणं कॉम्प्युटरवर चढवलं की पेटी चढते, हे ध्यानात ठेवा.

शेवटचा आणि हल्ली सर्वांत जास्त येणारा प्रश्न: घरातल्या जुन्या कॅसेटी. मंडळाची भजनं, धारवाड-सांगली आकाशवाणीवरून उतरवून घेतलेलं गाणं. यासाठी टेपचं मशीन लागतंच, पण फोर-ट्रॅक नव्हे, चांगला स्टिरिओ डेक. त्याचं लाइन-आउट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडा, माइक इनपुटला नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती वाजवू नका. ती हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. कवच मोडकं असेल तर टेप स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात घाला. प्रत्येक कॅसेटआधी हेड पुसा आणि हेडशेजारचा बारीक स्क्रू, ॲझिमथचा (हेडचा टेपशी कोन ठरवणारा), अगदी थोडा फिरवून बघा: आवाज मोनो करून ऐकायचा आणि टाळ जिथे सर्वांत स्पष्ट लागतो तिथे थांबायचं. मूळ जागेवर आधी खूण करून ठेवा. कवचावर डॉल्बीची खूण असेल तरच डेकवर डॉल्बी लावा.

कॅसेट कुठल्या वेगाने भरली गेली होती हे कसं कळणार? मंडळाची तीच पेटी अजून असेल तर तिचा सा सांगतो. पेटीचे सूर वर्षानुवर्षांत हलतात, पण टेपच्या वेगाइतके नाही. पेटी नसेल तर त्या जुन्या रेकॉर्डिंगमधली विजेची घूं सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रममध्ये शोधा. ती ५० ऐवजी ५२ वर दिसली तर टेप चार टक्के जलद चालते आहे. त्या काळात ग्रिडची फ्रिक्वेन्सीही बरीच हलायची, म्हणून याचा उपयोग अंदाजापुरता. पेटीवर भरवसा जास्त.

आणि एखादी कॅसेट एका बाजूने अगदी संथ, जाड आवाजात वाजली आणि दुसऱ्या बाजूने उलटी, तर ती खराब नाही, दुप्पट वेगाच्या फोर-ट्रॅक मशीनवर भरलेली आहे. साध्या डेकवर दोन्ही बाजू उतरवून घ्या, कॉम्प्युटरवर दोन्हींचा वेग दुप्पट करा, दुसरी बाजू उलटी फिरवा, आणि चारही ट्रॅक एकाखाली एक ठेवून पहिल्या थापेवर जुळवा. दोन बाजू वेगवेगळ्या वेळी वाजल्याने शेवटाकडे थोड्या सरकतील, त्या टाळ्यांच्या युक्तीने ताणून घ्या. डीबीएक्स लावून भरलेली असेल तर आवाज धापा टाकत राहील; तेव्हा मात्र डीबीएक्सचं चालू मशीन कुणाकडे आहे का ते शोधावं लागतं.